मला कुठं वाजतेय?

निफाडच्या माणसासमोर थंडीची तक्रार करू नये. कोल्हापुरात रस्सा तिखट नाही म्हणालात, तर वाढणारा आणखी एक वाटी ओततो आणि विषय मिटतो. निफाडात नुसतं ‘आज गारठा जरा जास्तच’ म्हणून बघा. तुम्ही त्याच्या बागेत न विचारता शिरून घड तोडलात, अशा नजरेनं समोरचा तुमच्याकडे पाहतो.

दर डिसेंबरात पेपरात बातमी येते: निफाडचा पारा घसरला, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर अमुक अंशांची नोंद. बाकीचा महाराष्ट्र ती बातमी चहाबरोबर वाचून विसरतो. निफाडकर ती जपतो. महाबळेश्वरपेक्षा आपला आकडा खाली असला, की त्याचा दिवस बरा जातो. पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागल्या, मण्यांना तडे गेले, बँकेचा हप्ता पुढे ढकलावा लागला, हे सगळं खरं. पण आकडा आपला.

माझा मित्र बापू हा या आकड्याचा मालक असल्यासारखा वागतो. तो द्राक्षं बाहेर पाठवतो, मी त्याला पुठ्ठ्याची खोकी पुरवतो. म्हणजे माल त्याचा, पॅकिंग माझं. पंचवीस वर्षांच्या दोस्तीतही हेच वाटप आहे. त्याच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षं आधी प्रीकूलिंगला जातात आणि मग शून्य-एक अंशाच्या कोल्ड रूममध्ये. तिथं काम करणारी पोरं जाकीट आणि कानटोपी घालून वावरतात. बापू अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर आत जातो, दोन खोकी उघडतो, एक मणी तोंडात टाकतो आणि बाहेर येतो. ‘शून्यात जाऊन आलो,’ असं आल्यागेल्याला सांगतो. मी एकदा घड्याळ लावलं होतं. एक मिनिट चाळीस सेकंद.

ही जात एकट्या निफाडात नाही. लग्नात पंगतीला चारदा हाक मारली तरी ‘तुम्ही बसा, मला कुठं भूक आहे’ म्हणणारा आणि सगळे उठल्यावर आचाऱ्याजवळ उभ्यानं सात जिलब्या संपवणारा. एसटीत ‘मला कुठं बसायचंय’ म्हणत सिन्नरपर्यंत उभा राहणारा आणि मग शेजाऱ्याच्या खांद्यावर उभ्याउभ्या झोपणारा. अंग तापानं फणफणलेलं असताना ‘जरा कोमट वाटतंय’ म्हणणारा, हा सगळा एकच माणूस. त्याला शरीर असतं, पण त्याचा सातबारा त्याच्या नावावर नसतो. त्याच्या अंगात काय चाललंय ते त्याला नेहमी दुसऱ्याच्या अंगावरून कळतं.

बर्लिनला दर फेब्रुवारीत फळांचं मोठं प्रदर्शन भरतं, फ्रूट लॉजिस्टिका. द्राक्ष, डाळिंब, केळी करणारे आपल्याकडचे बरेच लोक तिथं जातात. यंदा बापू मलाही घेऊन गेला. ‘तुझं इंग्रजी बरंय आणि तुझ्या खोक्यांना तिथं काय नावं ठेवतात ते तुझ्या कानानं ऐक,’ ही दोन कारणं. प्रदर्शन शुक्रवारी संपलं, परतीचं विमान सोमवारचं. दोन दिवस काय करायचं? कुणीतरी म्हणालं, प्राग जवळ आहे, रेल्वेनं साडेचार तास, आणि हॉटेलं बर्लिनपेक्षा स्वस्त. शेवटचा मुद्दा बापूला पटला.

प्राग मुख्य स्टेशनातून बाहेर आलो तेव्हा उणे सात होतं. माझ्या अंगावर होतं नव्हतं ते सगळं: दोन स्वेटर, जाड कोट, हातमोजे, कानटोपी आणि बायकोनं विणलेला तपकिरी मफलर. बापूच्या अंगावर सफारीचा कोट आणि आत लग्नातला बिनबाह्यांचा स्वेटर. डोकं उघडं. त्यानं एक मोठा श्वास घेतला, नाकातून दोन धुरांडी सोडली आणि निकाल दिला, “कोरडी थंडी आहे. कोरडी थंडी म्हणजे थंडीच नाही.”

संध्याकाळी व्ल्तावा नदीच्या काठी दमट वारा सुटला, तेव्हा त्यानं दुसरा निकाल दिला, “ही ओली थंडी. हिच्यात दम नसतो.”

आता थंडी एक तर कोरडी असते किंवा ओली. दोन्ही बाद झाल्यावर राहिली फक्त निफाडची.

मी त्याला टोपी घे म्हणून विनवलं. म्हटलं, “अरे, पंढरपूरला विठोबालासुद्धा थंडीत कानपट्टी बांधतात, शाल पांघरतात. देवाला चालतं, तुला काय होतं?”

“विठोबा पंढरपूरचा,” बापू म्हणाला. “निफाडचा नाही.”

शनिवारी सकाळी आम्ही जुन्या गावातल्या चौकात त्या प्रसिद्ध घड्याळापाशी गेलो. १४१० सालचं घड्याळ. जगात अजून चालू असलेलं असं इतकं जुनं खगोलीय घड्याळ दुसरं नाही. सूर्य कुठल्या राशीत आहे, चंद्राची कला कोणती, हेही ते दाखवतं, म्हणजे भिंतीवर टांगलेलं पंचांगच. दर तासाला वरच्या दोन खिडक्या उघडतात आणि आतून येशूचे बारा शिष्य एकेक करून डोकावून जातात. आम्ही पोचलो तेव्हा तासाला वीस मिनिटं कमी होती. बापूनं घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तुला वीस मिनिटं उभं राहवणार नाही,” तो काळजीनं म्हणाला.

“राहवेल की.”

“तुझे ओठ निळे पडलेत. चल.”

माझे ओठ मफलरात होते. ते त्याला दिसणं शक्य नव्हतं. पण त्या वाक्यापासून प्रागची आमची सहल सुरू झाली, असं म्हणायला हरकत नाही. तिचा नियम एकच. थंडी मला वाजणार आणि माझ्यासाठी बापू कुठंतरी आत जाणार. दोन दिवसांत त्या शहरात दोन माणसांची थंडी मला एकट्याला वाजली.

चौकात एक माणूस निखाऱ्यांवर लोखंडी दांडे फिरवत होता. दांड्यांना कणीक गुंडाळलेली, वरून साखर-दालचिनी. त्या पोकळ गोड नळकांड्यांना ‘त्रदेल्निक’ म्हणतात. पर्यटकांना ते चेक लोकांचं प्राचीन पक्वान्न म्हणून विकलं जातं आणि चेक लोक त्यावर चिडतात, कारण प्रागच्या गल्ल्यांत ते हल्ली-हल्लीच बोकाळलंय. बापू रांगेत उभा राहिला. ती रांग निखाऱ्यांच्या कडेनं वळत होती. आमचा नंबर आला तसा तो म्हणाला, “थांब, जरा विचार करू,” आणि पुन्हा रांगेच्या शेवटी गेला. तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला त्या विक्रेत्यानं आम्हाला ओळखलं आणि न विचारता हातात एक नळकांडं ठेवून पैसे मागितले. बापूनं ते मला दिलं. “तूच खा. तुला उबेची गरज आहे.”

तास भरला. गर्दीनं मोबाइल वर केले. घड्याळाशेजारच्या सांगाड्यानं दोरी ओढून घंटा वाजवली. चला, वेळ झाली, असं तो सांगतो म्हणे. त्याच्या आजूबाजूला आणखी तीन पुतळे आहेत: हातात आरसा घेतलेला गर्विष्ठ, थैली घट्ट धरलेला कंजूष आणि पगडीवाला तुर्क. घंटा वाजली की हे तिघे माना हलवतात. नाही, नाही, आमची वेळ झालेली नाही. मी बापूकडे पाहिलं. त्याच्या नाकाचा शेंडा गाजरासारखा झाला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि दातांचा टकटक आवाज घंटेच्या आवाजातूनही मला ऐकू येत होता.

“थंडी वाजतेय?” मी विचारलं.

बापूनं मान हलवली. अगदी त्या तिघांच्या चालीवर.

शेवटी सोन्याचा कोंबडा आरवला. सगळा खेळ जेमतेम एक मिनिटाचा. गर्दीतून एक निराश ‘हं’ उमटलं आणि लोक पांगले. घड्याळाची एक दंतकथा आहे. हानुश नावाच्या कारागिरानं ते केलं आणि दुसऱ्या गावाला त्यानं असंच करून देऊ नये म्हणून नगरपित्यांनी त्याचे डोळे काढले. इतिहासकार म्हणतात हे खोटं. घड्याळ मुळात कादानच्या मिकुलाश नावाच्या घड्याळजीनं केलेलं. मी दोन्ही बापूला सांगितलं. त्याला दंतकथाच खरी वाटली. “पेमेंट बुडवायची पद्धत आहे ही,” तो म्हणाला. “आमच्याकडे नुसतं ‘माल खराब निघाला’ म्हणतात.”

त्यानंतर प्राग कसं पाहिलं, हे सांगायला लाज वाटते. माझ्याकडे मी बर्लिनच्या हॉटेलात बसून केलेली यादी होती. बापूची यादी वेगळी होती, ती हीटरनं ठरायची. शंभर मनोऱ्यांचं शहर म्हणून प्रागचा लौकिक आहे. त्यातली बरीच देवळं जुनी, दगडी आणि आतून बाहेरच्याइतकीच गार. बापूनं दार ढकलायचं, तोंडावर गार वारा आला की म्हणायचं, “चर्च सगळी सारखीच रे.” याउलट स्टेशनातल्या पैसे देऊन जायच्या स्वच्छतागृहाबद्दल त्याचं मत फार चांगलं झालं. वीस कोरुना, म्हणजे तेव्हाचे आपले सत्तरच्या आसपास. “सत्तर रुपयांत पंधरा मिनिटं गरम, वर हात सुकवायचं यंत्र. महाग नाही,” असा हिशेब त्यानं मांडला. हात सुकवायच्या यंत्राखाली तो कान धरून उभा राहिलेला मी पाहिलाय. “पाणी गेलं होतं कानात,” तो म्हणाला. त्या दिवशी त्यानं आंघोळ केली नव्हती.

नामेस्ती मिरू नावाचं मेट्रो स्टेशन जमिनीखाली इतकं खोल आहे, की तिथला सरकता जिना सत्त्याऐंशी मीटर लांब आहे. युरोपियन युनियनमध्ये त्याच्याहून लांब जिना नाही. वरून खाली जायला दोन मिनिटांहून जास्त लागतात आणि खालून कोमट वारा वर येत असतो. बापूला हे स्थळ सर्वांत प्रेक्षणीय वाटलं. आम्ही ते चारदा पाहिलं. दोनदा जाताना, दोनदा येताना. “इंजिनिअरिंग बघ,” तो डोळे मिटून म्हणायचा.

पण खरं सुख ट्राममध्ये. प्रागच्या ट्राममध्ये हीटर सीटखाली असतात. बसलं की पोटऱ्या शेकायला लागतात, आजी पायांजवळ विस्तवाची शेगडी ठेवायची तेव्हा शेकायच्या तशा. बावीस नंबरची ट्राम किल्ल्यावर जाते. आम्ही किल्ल्यावर जायलाच बसलो होतो. ‘प्राझ्स्की ह्राद’ असा स्टॉप आला, मी उठलो. बापूनं माझी बाही धरली. “पुढे काय आहे बघू तरी.”

पुढे शेवटचा स्टॉप आला, बीला होरा. शब्दशः ‘पांढरा डोंगर’. आहे टेकडीच. चेक लोकांचं पानिपत इथं झालं. ८ नोव्हेंबर १६२०. हॅब्सबर्ग सम्राटाच्या फौजेनं बोहेमियाच्या बंडखोर सरदारांना दोनेक तासांत मोडून काढलं आणि पुढे तीनशे वर्षं, थेट १९१८ पर्यंत, या लोकांचं स्वतःचं राज्य राहिलं नाही. लढाईच्या पुढच्या वर्षी सत्तावीस पुढाऱ्यांना त्याच घड्याळाच्या चौकात देहदंड दिला. तिथल्या फरशीवर सत्तावीस पांढरे क्रॉस काढलेत, आणि आम्ही बहुधा त्यांतल्याच एकावर उभं राहून नळकांडं खाल्लं होतं. हे सगळं मी सीटवर बसल्याबसल्या बापूला सांगितलं. तो ऐकत होता, पाय मात्र हीटरवरून हलवत नव्हता. “दोन तासांत तीनशे वर्षं गेली,” तो हळूच म्हणाला, “गारपीट अशीच असते.” मग काच पुसून त्यानं बाहेर पाहिलं. बर्फानं भरलेलं माळरान आणि त्यावर एक माणूस कुत्रा फिरवत चाललेला. “बघितलं पानिपत. चल परत.” ट्राम वळली आणि आम्हीही.

किल्ल्यात शेवटी उतरलोच. सेंट व्हायटसचं कॅथेड्रल १३४४ मध्ये सुरू झालं आणि १९२९ मध्ये पूर्ण झालं, हे ऐकून बापूनं आपल्या पॅकहाऊसच्या कंत्राटदाराला मनातल्या मनात माफ केलं. त्याच्या वाढीव शेडला अजून तिसरंच वर्ष चालू आहे. जुन्या राजवाड्यात ती खिडकी आहे, जिच्यातून २३ मे १६१८ रोजी चिडलेल्या सरदारांनी सम्राटाच्या दोन कारभाऱ्यांना आणि त्यांच्या लेखनिकाला बाहेर फेकलं. तिघेही वाचले. शेणाच्या ढिगावर पडले म्हणून वाचले, असं विरोधक म्हणत. देवदूतांनी झेललं, असं त्यांच्या बाजूचे म्हणत. या फेकाफेकीतून युरोपात तीस वर्षं युद्ध पेटलं. मी रंगात येऊन सांगत होतो. बापूनं सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला.

“आता बंद आहे ना ती खिडकी?”

खालच्या बाजूला ‘सोन्याची गल्ली’ आहे, तटबंदीला चिकटून बांधलेली बाहुल्यांच्या घरांसारखी घरं. त्यातल्या बावीस नंबरच्या घरात १९१६-१७ च्या हिवाळ्यात फ्रान्झ काफ्का लिहायला यायचा. घर त्याच्या बहिणीनं भाड्यानं घेतलेलं. जगातले वाचक इथं येऊन गंभीर होतात. बापू वाकून आत शिरला, छताला हात लावला, दोन्ही भिंतींना एकाच वेळी टेकता येतं का ते पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, “एवढ्याशा खोलीत ऊब पटकन धरते. हुशार होता लेखक.” काफ्कावर इतकं थोडक्यात मी दुसरीकडे कुठं ऐकलेलं नाही.

रात्री हॉटेलात मला सत्य कळलं. बापू कपडे बदलायला लागला. सफारीचा कोट निघाला, बिनबाह्यांचा स्वेटर निघाला, शर्ट निघाला. त्याखाली एक गुळगुळीत काळा थर्मल बनियन. तो काढल्यावर आणखी एक थर्मल, हा राखाडी. त्याखाली साधा बनियन. खाली पँटच्या आतही तशीच तटबंदी. गव्हाचं पोतं उसवावं तसा तो माणूस उसवत गेला आणि शेवटी मूळचा बापू फार थोडा उरला.

मी बघतोय हे त्याच्या लक्षात आलं. “हे थंडीसाठी नाही,” तो म्हणाला. “पाठीसाठी. डॉक्टरनं सांगितलंय.”

“दोन?”

“पाठ मोठी आहे.”

तेवढ्यात वहिनींचा व्हिडिओ कॉल आला. निफाडात मध्यरात्र उलटून गेली होती, पण तोडणी चालू असली की तिकडे झोप कुणाला असते? बापूनं आधी तिकडचा आकडा विचारला. “काल सकाळी किती होतं?” नऊ, असं उत्तर आलं. त्याचा चेहरा उतरला. आपण इथं उणे सातात आणि निफाड नऊवर, हे त्याला सहनच होईना. घरच्या संघानं ऐन वेळी विकेट फेकावी तसं झालं. मग वहिनींनी मला फोनवर बोलावलं. “भाऊजी, त्यांना टोपी घालायला लावा हो. इथं कार्तिकापासून दोन गोधड्या घेऊन झोपतात. पंखा तर मार्चपर्यंत लावू देत नाहीत. मुलं वैतागलीत.” बापू बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बसला.

रविवारी नदीकडे गेलो. चार्ल्स ब्रिजचं काम १३५७ मध्ये सुरू झालं. पाचशे सोळा मीटर लांब, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस संतांचे पुतळे. पुलावर दार नाही, छत नाही, हीटर नाही. सकाळी तिथं वाऱ्याशिवाय फारसं कुणी नव्हतं. पुलाची एक गोष्ट सांगतात, की चुना घट्ट व्हावा म्हणून राजानं गावागावातून अंडी मागवली आणि वेल्वारी नावाच्या गावानं ती वाटेत फुटू नयेत म्हणून उकडून पाठवली. सगळे या गोष्टीला हसतात. बापू हसला नाही.

“माल शाबूत पोचला ना?” तो म्हणाला. “मग? काय काम आहे ते ऑर्डरीत लिहायला नको?” वेल्वारीच्या बाजूनं बोलणारा माणूस त्या पुलावर सहाशे वर्षांत पहिल्यांदाच आला असावा.

पुलाच्या मध्यावर नेपोमुकचे संत यान यांचा पुतळा आहे. १३९३ मध्ये राजाच्या माणसांनी त्यांना याच पुलावरून नदीत लोटलं. खालच्या कांस्याच्या पाटीला हात लावला की भाग्य उजळतं म्हणतात. लाखो हातांनी ती सोन्यासारखी चकाकतेय. बापूनं खिशातून हात काढला, पाटीला लावला आणि ‘स्स’ करून मागे घेतला. मग माझ्या गळ्याकडे बघत म्हणाला, “तुझा मफलर सारखा सुटतोय. दे, मी धरतो.”

मफलर सुटत नव्हता. पण तो ज्या आवाजात म्हणाला, त्या आवाजात माणसं पाणी मागतात. मी दिला. त्यानं तो हातात धरला. दहा पावलांवर हातावर गुंडाळला. पुलाचं दुसरं टोक येईपर्यंत तो त्याच्या गळ्याला दोन वेढे देऊन, कान झाकून, डोक्यावर गाठ मारून बसला होता. “नुसता हातात धरला तर वाऱ्यानं उडेल,” तो आतून म्हणाला.

पुलापलीकडे थोडं चालल्यावर एक चर्च आहे. बाहेरून फार काही नाही. मी मुद्दाम त्याला सांगितलं नव्हतं. आत उजवीकडे, सोनेरी नक्षीत, काचेमागे बाळ येशूची मूर्ती आहे. लाकडाची, वर मेणाचा थर, उंची हातभरच. स्पेनमधून आलेली, १६२८ मध्ये लोब्कोवित्स घराण्यातल्या पोलिक्सेनाबाईंनी कार्मेल पंथाच्या साधूंना दिली. नाशिक रोडच्या बाळ येशूचं मूळ ते हेच. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी नाशिक रोडला यात्रा भरते, सगळ्या जातिधर्मांची माणसं मेणबत्त्या घेऊन रांगेत असतात. बापूची आई निफाडहून एसटीनं दर वर्षी जायची. बापू दहावीला बसला तेव्हा तिनं तिथं नवस बोलला होता. बापू अडतीस टक्क्यांनी पास झाला. पुढं ती असेपर्यंत ती वारी कधी चुकली नाही.

आणि आज तोच रविवार होता.

दारात बापू थांबला. काचेमागची मूर्ती लांबून दिसत होती. त्यानं खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट भिंतीशी नीट जोडून ठेवले आणि मोज्यांवर त्या दगडी फरशीवर चालत गेला. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. चर्च आतून गारठलेलं होतं, बाकीचे लोक कोटात हात खुपसून बसलेले. एका म्हातारीनं त्याच्या पायांकडे बोट दाखवून बूट घालायची खूण केली. बापूनं तिला हात जोडले आणि पुढच्या बाकावर जाऊन बसला. मूर्तीला हिरवा भरजरी अंगरखा होता. इथं सणावारांप्रमाणे अंगरखे बदलतात. वरच्या मजल्यावर देशोदेशींहून आलेले कितीतरी ठेवलेत, १७४३ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसानं दिलेलासुद्धा. मी तो पाहून खाली आलो, मेणबत्तीचे पैसे टाकले, बाहेर जाऊन आलो. बापू तसाच बसलेला. वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. ‘तुला थंडी वाजतेय’ असं तो एकदाही म्हणाला नाही.

शेवटी मी शेजारी जाऊन बसलो. “पाय गार पडले नाहीत?”

“पडले,” बापू म्हणाला.

मी दचकून त्याच्याकडे बघितलं.

“देवासमोर खोटं कशाला,” तो मफलरातून पुटपुटला. मग बूट घालून आम्ही रस्त्यावर आलो. कोपऱ्यावर गरम वाईन मिळत होती, लवंग-दालचिनी घालून उकळलेली. बापूनं पहिला घोट घेतला. “हा तर आईचा काढा. आणि द्राक्षं कुणाची असतील, थॉमसनची नक्कीच नाहीत.” दुसऱ्या घोटानंतर त्याचा आवाज परत आला. “पाय गार पडले होते म्हणजे थंडी वाजली असं नाही. फरशी गार होती. तो फरशीचा दोष.”

सोमवारी विमानात बसलो. त्यानं विमानातली दोन ब्लँकेटं मागून घेतली. एक माझ्यासाठी म्हणून, आणि दोन्ही पांघरली.

या डिसेंबरात खोक्यांच्या ऑर्डरीसाठी मी निफाडला गेलो होतो. कडाका पडला होता. पहाटे पाचला बापूच्या बागेत ओळींच्या तोंडाशी शेकोट्या पेटल्या होत्या, ठिबकचं पाणी सोडलेलं, धूर जमिनीलगत पसरलेला. पाच-सहा शेतकरी हात शेकत बसले होते आणि बापू त्यांना प्राग सांगत होता. घड्याळ दोन वाक्यांत, पूल एका वाक्यात, सरकता जिना बराच वेळ. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “उणे सात होतं. ह्याचे दात असे वाजत होते, की शेवटी मला म्हणावं लागलं, चल बाबा आत. नाहीतर आपल्याला काय, आपण निफाडचे.”

त्या पहाटे कुंदेवाडीला सहा अंशांची नोंद झाली. बापूच्या गळ्याला दोन वेढे देऊन डोक्यावर गाठ मारलेला मफलर माझा होता.